कवडसा

माझ्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे. कडुनिंबाच्या फांद्यांमधून उन्हाचे सात-आठ झोत तिरपे खाली उतरले आहेत. खाली अंगणातली फरशी, एका बाजूला पाण्याचा हौद, दोरीवर वाळत घातलेला एक पांढरा टॉवेल. झोत इतके स्पष्ट आहेत, की हाताने धरावेत. मी आजवर काढलेल्या फोटोंमध्ये हा सर्वांत चांगला आहे, असे मला अजूनही वाटते. पण तो मी कुठे पाठवला नाही आणि वर्गातही कधी दाखवला नाही.

त्या फोटोची हकीकत सांगायची, तर एका शब्दापासून सुरुवात करावी लागेल. तो शब्द म्हणजे ‘कवडसा’.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. धड्यात हा शब्द आला, की मी अर्थ सांगत बसत नाही. आमच्या वर्गाच्या खिडकीला जुनी लाकडी झडप आहे. तिला एक भोक पडले आहे. सकाळी दुसऱ्या तासाला त्या भोकातून ऊन आत येते आणि फळ्याखालच्या फरशीवर रुपयाएवढा उजेड पडतो. त्याच्याकडे बोट दाखवून मी विचारतो, “याला तुम्ही काय म्हणाल?”

कुणी म्हणते ‘शुआ’, कुणी म्हणते ‘किरन’. मी मान हलवतो. शुआ म्हणजे किरण, तो वाटेत असतो. मी विचारतो आहे तो येऊन पडलेला. एका वर्षी शेवटच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, धूप का टुकडा.” मराठीच्या तासाला त्याने उर्दूत उत्तर दिले, तरी मी त्याला शाबासकी दिली. उन्हाचा तुकडा! याहून नेमका अर्थ मला सांगता आला नसता.

मराठीत उन्हासाठी किती शब्द आहेत ते बघा. सकाळचे ते कोवळे ऊन. पावसाळ्यात ढग बाजूला होऊन मिळते ती उघडीप. फटीतून तिरपी आत शिरते ती तिरीप. जोराने एकदम पडतो तो झोत. आणि कौलांच्या, दारांच्या, पानांच्या फटीतून येऊन जमिनीवर स्थिरावतो तो कवडसा. हे शब्द मी घरात शिकलो नाही, कारण आमच्या घरी दखनी बोलतात. ते मी गल्लीत आणि पुस्तकांत शिकलो. (पुढे अब्बांचे बोलणे येईल, ते मी मराठीत करून लिहिले आहे.)

कवडशाची एक गंमत आहे. भोक चौकोनी असो, तिकोनी असो, नाही तर उंदराने कुरतडलेले असो. कवडसा बहुधा गोल किंवा लांबट गोल पडतो. कारण तो भोकाचा आकार नसतो. ते सूर्याचे चित्र असते. लहानशा छिद्रातून प्रकाश आत आला, की समोरच्या पडद्यावर बाहेरच्या वस्तूचे उलटे चित्र उमटते. झाडाखाली सावलीत जे शेकडो गोल ठिपके हलताना दिसतात, ते सगळे छोटे छोटे सूर्यच असतात. खात्री करून घ्यायची असेल, तर सूर्यग्रहणाच्या दिवशी झाडाखाली बघावे. २६ डिसेंबर २०१९ च्या सकाळी कोल्हापुरातून खंडग्रास ग्रहण दिसणार होते. ढगांची ये-जा चालू होती. थोडा वेळ ऊन पडले आणि आमच्या अंगणात कडुनिंबाखाली फरशीभर चंद्रकोरी पसरल्या. अम्मीने त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून हौदाकडे जायचेच टाळले. अब्बांनी खांद्यावरचा टॉवेल फरशीवर अंथरला. पांढऱ्या कापडावर कोरी आणखी ठळक दिसू लागल्या.

इब्न अल्-हैसम हे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म बसऱ्याचा, साधारण इ. स. ९६५ चा. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी कैरोत काढला. अंधाऱ्या खोलीच्या छिद्रातून येणारा प्रकाश त्यांनी बारकाईने तपासला, प्रकाश सरळ रेषेत जातो हे दाखवले आणि ‘किताबुल मनाझिर’ हा प्रकाशावरचा मोठा ग्रंथ लिहिला. ग्रहणाच्या वेळी छिद्रातून पडणारी ही चंद्रकोर त्यांनाही अडवून बसली होती. तिच्यावर त्यांनी एक स्वतंत्र पुस्तिकाच लिहिली. आमच्या अंगणातल्या टॉवेलवर जे दिसले, त्याचा विचार एक माणूस हजार वर्षांपूर्वी करत होता.

‘कॅमेरा’ हा शब्दही खोलीचाच. लॅटिन भाषेत त्याचा अर्थ छत असलेली खोली. तोच शब्द पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आला आणि ‘कमरा’ झाला. म्हणजे तुम्ही घरात रोज ज्याला कमरा म्हणता, तो आणि फोटोचा कॅमेरा हे एकाच घरातले भाऊ.

आमच्या मंगळवार पेठेला तर या कॅमेऱ्याचा शेजारच आहे. मिरजकर तिकटीवरून खरी कॉर्नरकडे गेले, की तेथे कॅमेऱ्याचा मानस्तंभ दिसतो. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीची ती आठवण. बाहेरून कॅमेरा सहज मिळत नव्हता, तेव्हा बाबूरावांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो कोल्हापुरातच तयार केला आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट लोकांसमोर आणला. त्या काळी चित्रण मुख्यतः उन्हातच चाले. सूर्य ढगाआड गेला, की काम थांबायचे. याच कंपनीत आपल्या कागलचे फत्तेलाल होते. लोक त्यांना साहेबमामा म्हणत. पुढे त्यांनी मित्रांबरोबर १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली आणि दामले यांच्या जोडीने १९३६ चा ‘संत तुकाराम’ दिग्दर्शित केला. एका मुसलमान कारागिराने तुकोबांचा चित्रपट करावा, यात कोल्हापुरात कुणाला नवल वाटले नसावे. मला मात्र लहानपणी साहेबमामांचे नाव ऐकले, की उगाच ताठ चालावेसे वाटे.

पण फोटो काढायचे वेड मला तिथून लागले नाही. ते लागले फौंड्रीत.

अब्बा उद्यमनगरातल्या एका लहान फौंड्रीत मोल्डर होते. फौंड्री म्हणजे लोखंड वितळवून त्याचे सुटे भाग ओतण्याचा कारखाना. लोखंड ओतायला साचा लागतो आणि तो वाळूचा करतात. वाळूत चिकट माती आणि कोळशाची भुकटी कालवतात, ती लोखंडी चौकटीत ठासून भरतात. लोखंड थंड झाले, की साचा फोडतात आणि वाळू झाडून काढतात. अब्बा दिवसभर वाळू भरायचे आणि वाळू फोडायचे.

मी चौथीत असताना सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यांचा डबा घेऊन जायचो. फौंड्रीचे छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचे होते आणि जागोजाग फुटलेले होते. आत काळोख. त्या काळोखात प्रत्येक भोकातून उन्हाचा एकेक खांब खाली उतरलेला असे. पहिल्यांदा पाहिले, तेव्हा मी दारातच उभा राहिलो. मी मोजले. अकरा खांब होते. कुणी साचा फोडला, की जवळचा खांब एकदम उजळायचा, त्यात धुळीचे लोट फिरायचे आणि मग तो हळूहळू फिका व्हायचा. मी एका खांबात हात घातला. हात सोन्याचा झाला. अब्बा लांबून हसत होते. त्यांच्या तोंडाला रुमाल बांधलेला होता, पण डोळ्यांवरून कळत होते.

तिथे घड्याळ कुणी बघत नसे. भिंतीपासून तिसऱ्या चौकटीवर कवडसा आला, की जेवणाची सुट्टी. “पावसाळ्यात काय करता?” मी विचारले. “पावसाळ्यात भूक सांगते,” अब्बा म्हणाले.

धुळीत काम करणाऱ्यांना तिथे गुळाचा खडा मिळायचा. गुळाने धूळ खाली बसते, अशी समजूत. आपले कोल्हापूर गुळाचे, त्यामुळे खडाही चांगला मिळे. अब्बा तो खायचे नाहीत. कागदात गुंडाळून खिशातून घरी आणायचे आणि मला द्यायचे. मी तो चघळत अभ्यास करायचो. गूळ पोटात जातो आणि धूळ फुप्फुसात जाते, या दोघांची वाटेत कुठे गाठ पडत नाही, हे मला बी. एड. झाल्यावर, एका डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसून कळले.

तोवर अब्बांना दोन जिने चढले की दम लागू लागला होता. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला सांगितला. तोही किरणांचाच. मराठीत त्यांना ‘क्ष-किरण’ म्हणतात. डॉक्टरांनी काळी फिल्म उजेडासमोर धरली. फुप्फुसांच्या जागी बारीक बारीक पांढरे ठिपके होते. वाळूत सिलिका असते. तिचे अतिशय बारीक कण श्वासाबरोबर खोलवर जातात आणि तिथे वण करतात. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. त्याचा त्रास कमी करता येतो, पण झालेले वण भरून येत नाहीत. १९४८ च्या कारखाने कायद्यात नोंद करायलाच हवी अशा रोगांची एक यादी होती. त्या यादीत सिलिकोसिसचेही नाव होते. आमच्या बाबतीत नोंद कुणी करायची, हा प्रश्नच उरला नव्हता. ती फौंड्री बंद होऊन बरीच वर्षे झाली होती.

पुढे मला कळले, की कारखान्यांतली धूळ तपासणारे जाणकार एक सोपी युक्ती वापरतात. ते एका प्रखर दिव्याचा झोत हवेत सोडतात आणि दिव्याच्या दिशेने तोंड करून, दिवा मात्र डोळ्यांआड ठेवून बघतात. साध्या उजेडात स्वच्छ दिसणारी हवा त्या झोतात धुळीने भरलेली दिसते. वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ते अकरा खांब उभे राहिले. छपरातले ऊन आम्हांला रोज तेच दाखवत होते. मी त्याला सोने समजलो.

कारण प्रकाश स्वतः दिसत नाही. ही गोष्ट नीट लक्षात घ्या. खिडकीतून फरशीकडे जाणारा किरण तुमच्या नाकासमोरून गेला, तरी तो तुम्हांला दिसणार नाही. तो फरशीकडे चालला आहे, तुमच्या डोळ्यांकडे नाही. पण वाटेत धुळीचा कण, धुक्याचा थेंब किंवा धूर आडवा आला, की थोडा प्रकाश त्याच्यावर आपटून इकडेतिकडे विखुरतो. त्यातला जो आपल्या डोळ्यांत येतो, तेवढाच आपल्याला झोत म्हणून दिसतो. जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचा अभ्यास केला, म्हणून याला टिंडल परिणाम म्हणतात. म्हणजे आपण ज्याला सूर्यकिरण म्हणून नावाजतो, तो वाट चुकलेला प्रकाश असतो. जो नीट पोहोचला, तो दिसत नाही.

कोल्हापूरकरांना हे वर्षातून दोनदा आठवते. अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरमध्ये ९, १० आणि ११ तारखेला आणि नंतर ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला किरणोत्सव असतो. देवीचे तोंड पश्चिमेला आहे. मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून, गरुड मंडपातून थेट गाभाऱ्यात जातात. पहिल्या दिवशी ते पायांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात, असे सांगतात. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला जातो. त्याच्या साधारण चाळीस दिवस आधी आणि तेवढ्याच दिवसांनी नंतर तो क्षितिजावर एकाच ठिकाणी मावळतो. ज्यांनी हे देऊळ बांधले, त्यांचे आकाशाकडे किती बारीक लक्ष होते! त्या संध्याकाळी सगळे गाव हवेकडे डोळे लावून बसते. ढग नको, बाष्प नको, धूळ नको. आमच्या पेठेतले वर्तमानपत्र वाचणारे लोक दुसऱ्या दिवशी, किरण कुठपर्यंत आले, ते चहाबरोबर एकमेकांना सांगतात. तिथे सर्वांना किरण पोहोचायला हवे असतात. मला मात्र ते वाटेत अडकायला हवे होते.

नोकरी लागल्यावर मी बरा मोबाइल घेतला आणि झोतांच्या मागे लागलो. थंडीत पहाटे पंचगंगेच्या घाटावर धुक्यात उभा राहिलो. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळात गेलो. काहिलीतून उठलेली वाफ छपराच्या फटीतून येणाऱ्या उन्हात अशी फिरत होती, की मी फोटो काढायचा सोडून गरम गूळ खात बघत बसलो. हळूहळू हातखंडा आला. सूर्य सरळ चित्रात घ्यायचा नाही. त्याला झाडाच्या बुंध्याआड ठेवायचे. आपण सूर्याकडे तोंड करूनच उभे राहायचे, कारण धूर आणि धुके प्रकाशाला पुढच्या दिशेने जास्त विखुरतात. सूर्याकडे पाठ केली, की तोच झोत फिका होतो. मोबाइलला अंधाऱ्या झाडांची काळजी फार, तो सगळे उजळवून झोत पुसून टाकतो. म्हणून पडद्यावर उजेडाच्या जागी बोट ठेवून चित्र मुद्दाम काळवंडायचे. आणि साध्या डोळ्यांनी किंवा भिंगातून सूर्याकडे कधीही बघायचे नाही. डोळा एकदा भाजला, की भरून येईलच असे नाही.

अशातच एका वर्षी जिल्ह्यातल्या एका मंडळाने छायाचित्रांची स्पर्धा जाहीर केली. विषय होता ‘प्रकाश’. आठ दिवस मी सकाळी भटकलो. फेब्रुवारी महिना होता. धुके संपले होते आणि हवा कोरडी, स्वच्छ झाली होती. स्वच्छ हवेत झोत कुठले दिसायला? नवव्या दिवशी सकाळी माझे लक्ष आमच्याच अंगणाकडे गेले. कडुनिंबाची पानगळ सुरू होती. ऊन फांद्यांतून उतरत होते, फरशीवर कवडसे पडले होते, पण मधली हवा रिकामी होती. तिथे काहीतरी आडवे यायला हवे होते.

मी पाला गोळा केला आणि पेटवला.

रात्रीच्या दवाने तो ओलसर होता. आधी नुसता चरचरला, मग दाट पांढरा धूर सुटला आणि फांद्यांपर्यंत चढला. त्या धुरात एकामागून एक झोत उभे राहिले. तेच खांब. चौथीत पाहिलेले. मी गुडघ्यावर बसलो, बुंध्याआड सूर्य घेतला, बोटाने चित्र काळवंडले आणि फोटो काढत सुटलो. एकवीस फोटो काढले. अम्मी बाजारात गेली होती. अब्बा आतल्या खोलीत झोपले होते आणि त्या खोलीची खिडकी अंगणात उघडते. हे मला माहीत होते. माहीत असूनही त्या वेळी आठवले नाही, एवढेच खरे मी सांगू शकतो.

खोकला मला ऐकू आला. पण पहिल्यांदा ऐकू आला, तेव्हा मी आणखी दोन फोटो काढले.

मग आतून भांडे पडल्याचा आवाज झाला. मी धावलो. अब्बा पलंगाच्या कडेला दोन्ही हात टेकून बसले होते. खांदे वर उचललेले, ओठ निळसर. श्वास आत जात होता, बाहेर येत नव्हता. मी पंप तोंडाशी धरला, खिडकी लावली, शेजाऱ्यांना हाक मारली. शेजारच्यांनी हौदातले पाणी पाल्यावर ओतले. रिक्षातून दवाखान्यात जाईपर्यंत मी फक्त त्यांच्या छातीकडे बघत होतो.

ते चार दिवस दवाखान्यात होते. पहिल्या रात्री ऑक्सिजनची नळी लावून ते झोपले, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. खरे सांगायचे, तर त्या बाकावर बसून मी तो फोटो तीन वेळा पाहिला. आणि तिन्ही वेळा तो मला सुंदर वाटला. अम्मी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. स्पर्धेची शेवटची तारीख त्याच आठवड्यात येऊन गेली.

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अब्बा म्हणाले, “दाखव बघू.”

मी ‘काय’ असे विचारले नाही. मोबाइल त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितले. बोटाने फोटो मोठा केला, फांद्यांकडे गेले, टॉवेलकडे आले.

“चांगला आलाय,” ते म्हणाले. मग म्हणाले, “पाला ओला होता ना? ओल्याचा धूर पांढरा येतो.”

मी मान खाली घातली. ते रागावले असते, तर बरे झाले असते.

“आमच्या फौंड्रीतबी असंच दिसायचं,” ते पुन्हा फोटोकडे बघत म्हणाले. “तू मोजायचास. नऊ का दहा.”

“अकरा,” मी म्हणालो.

“अकरा. आम्ही तिथं रोज होतो, पण कधी वर बघितलं नाही. बघायला सवड कुठं असायची?”

त्यानंतर काही महिने मी फोटो काढले नाहीत. अंगणात पाला पडला, की मी तो पोत्यात भरतो आणि झाडांच्या मुळाशी टाकतो. गल्लीत कुणी कचरा पेटवला, की मी जाऊन विनंती करतो. काही जण ऐकतात, काही जण ‘मास्तर आले’ म्हणतात आणि हसतात.

पुढच्या ऑक्टोबरमधली गोष्ट. दुपारी परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली. हवा धुऊन निघाली होती. अशा हवेत अब्बांना बरे वाटते. “रंकाळ्यावर जाऊ या,” ते स्वतःच म्हणाले. आम्ही रिक्षाने गेलो. मी भडंगाची एक पुडी घेतली आणि आम्ही कट्ट्यावर बसलो. मावळतीला शालिनी पॅलेसच्या बाजूला ढगांची रांग होती. सूर्य तिच्यामागे गेला आणि ढगांच्या फटींतून झोत पंख्यासारखे वर पसरले. मी आपोआप मोबाइल काढला. अब्बांकडे बघितले. ते म्हणाले, “काढ की. इथं कोण पाला जाळतंय?”

मी पाण्याकडे तोंड करून फोटो काढू लागलो. अब्बांच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, त्यांना तो उजेड टोचतो. म्हणून ते पाण्याकडे पाठ करून, शहराकडे बघत भडंग खात बसले. थोड्या वेळाने त्यांनी माझी बाही ओढली.

“अरे, इकडं बघ.”

मी वळलो. पूर्वेला, शहराच्या छपरांवर, सूर्याच्या अगदी उलट दिशेला, आकाशात फिकट गुलाबी पट्टे होते. ते वरून येत होते आणि खाली एका ठिकाणी मिळत होते. जणू तिकडेही एक सूर्य मावळत होता. याच्याविषयी मी वाचले होते, पण इतकी वर्षे झोतांच्या मागे फिरून ते मला कधी दिसले नव्हते. मी नेहमी सूर्याकडेच तोंड करून उभा असायचो.

“सूर्य तिकडं आणि हे इकडं कसं?” अब्बांनी विचारले.

मी त्यांना रेल्वेच्या रुळांचे उदाहरण दिले. रूळ एकमेकांना कधी मिळत नाहीत. पण सरळ मार्गावर मधोमध उभे राहून एका टोकाला बघितले, तर ते लांबवर मिळाल्यासारखे वाटतात. पाठीमागे वळून बघितले, तर तिकडेही मिळालेले. सूर्य सुमारे पंधरा कोटी किलोमीटर लांब आहे. त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतरच येतात. पंख्यासारखे पसरतात ते फक्त आपल्या नजरेला. पश्चिमेकडून निघालेले झोत आणि ढगांच्या सावल्या सरळ पूर्वेकडे जातात आणि लांब गेल्यावर पुन्हा मिळाल्यासारख्या दिसतात.

अब्बांनी थोडा विचार केला. “म्हणजे हे आत्ता आपल्या डोक्यावरनं चाललेत?”

“हो.”

त्यांनी मान वर केली. वर काहीच दिसत नव्हते, नुसते निळे आकाश होते. मी पूर्वेकडे मोबाइल धरून फोटो काढला. पडद्यावर पट्टे जेमतेम उमटले होते.

“आला का?”

“फिका आलाय.”

“असू दे. धूळ कमी असेल आज,” ते म्हणाले. त्यांनी भडंगाची पुडी माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात कट्ट्यावर टेकून ते वर बघत बसले.